मुलं व्हिडिओ आवडीने बघतात, मग दुसऱ्या दिवशी काहीच का आठवत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना प्रयोगांचे छोटे मराठी व्हिडिओ बनवायचे आहेत, आणि जोडीला मुलांना स्वतः हाताळता येईल असं काहीतरी. हाताशी एक अँड्रॉइड फोन, एक जुना लॅपटॉप आणि वर्गात पेन ड्राइव्ह लागणारा टीव्ही. इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. ताटलीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालायचा प्रयोग त्यांनी चित्रित केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर ‘पाणी वर चढलं’ याच्या पुढे गाडी जाईना. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक कॅमेऱ्यात नसते, संहितेत असते. मुलाने अंदाज बांधायच्या आतच व्हिडिओ उत्तर देऊन मोकळा होतो. ‘आज आपण हवेच्या दाबाचा प्रयोग बघणार आहोत’ हे पहिलं वाक्य असेल, तर कोडं तिथेच फुटलं. त्यापुढे मुलाने फक्त बघायचं उरतं आणि बघणं त्याला छान जमतं.

डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीत नेमकं हेच तपासलं होतं. भौतिकशास्त्राचं सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना ‘सोपा, स्पष्ट’ वाटला, आत्मविश्वासही वाढला, पण चाचणीतले गुण जेमतेम हलले. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती तपासली, तो बघताना डोक्याला ताण पडला असं विद्यार्थ्यांनी सांगितलं, पण शिकणं त्यातून जास्त झालं. ते विद्यार्थी विद्यापीठातले होते हे खरं, पण सहावीच्या वर्गातही हेच घडताना दिसतं. म्हणून ‘मुलांना आवडला’ हे व्हिडिओचं मोजमाप धरू नका.

तुमचाच मेणबत्तीचा प्रयोग घेऊन नीट उलगडू. व्हिडिओसाठी तो सोन्यासारखा आहे, कारण त्यात एक पक्की, गोड आणि चुकीची समजूत दडलेली आहे: ‘मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, जागा रिकामी झाली, म्हणून पाणी आत आलं.’ कितीतरी व्हिडिओंत हेच उत्तर ठोकून दिलेलं असतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि पाणीही साधारण पाचव्या हिश्शाएवढं चढलं की सगळ्यांना पटतंच.

आता हिशोब करा. ऑक्सिजन जळून नाहीसा होत नाही. मेण जळताना ऑक्सिजनचे तीन रेणू खर्च झाले, तर कार्बन डायऑक्साइडचे साधारण दोन तयार होतात. पाण्याची वाफही होते, पण ती काचेवर गार होऊन थेंब बनते. शिवाय ज्योत सगळा ऑक्सिजन वापरत नाही, तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की विझते. म्हणजे खर्च झाला सुमारे ५ टक्के आणि त्यातला दोन तृतीयांश कार्बन डायऑक्साइडच्या रूपात परत आला. हवा कमी झाली ती दोन टक्क्यांच्या आत. १० सेंटीमीटर उंच पेल्यात हे जेमतेम २ मिलिमीटर भरतं. पाणी मात्र चांगलं दोन-दोन सेंटीमीटर चढतं. खरं कारण असं, की पेला ठेवताना ज्योतीभोवतीची तापलेली, प्रसरण पावलेली हवा आत कोंडली जाते. ज्योत विझल्यावर ती गार होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

हे सगळं मुलांना बोलून सांगू नका. त्यांना तीन दृश्यं दाखवा. पहिलं: एक मेणबत्ती, एक पेला. दुसरं: तोच पेला, पण तीन मेणबत्त्या. ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. तिसऱ्यात मेणबत्तीच नाही. पेल्यात अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी भरा, अर्धा मिनिट थांबा, ओतून टाका आणि लगेच पेला ताटलीतल्या गार पाण्यात पालथा घाला. पाणी थोडंच चढतं, पण चढतं. (उकळतं पाणी घेऊ नका, साधी काच तडकते.) इथे काहीच जळलेलं नाही. ऑक्सिजनवाल्या गटाची बोलती बंद होते ती या दृश्याला.

साहित्य: सरळ उभ्या कडांचा २५० मिलिलिटरचा काचेचा पेला. निमुळता नको, त्यात पाण्याची उंची मोजणं फसवं होतं. पांढरी, थोडी खोलगट ताटली घ्या, स्टीलच्या ताटलीत खिडकी, फोन आणि तुम्ही असे सगळे दिसता. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या ३ ते ४ सेंटीमीटर लांब कापून, खाली वितळलेलं मेण टाकून ताटलीला चिकटवा. तिघींमध्ये बोटभर अंतर राहू द्या, नाहीतर एकमेकींना वितळवतात. पाणी एक सेंटीमीटर खोल, त्यात निळ्या शाईचे पाच-सहा थेंब. पेल्याच्या कडेखाली काडेपेटीतल्या काडीचे तीन तुकडे ठेवा. ते विसरलात तर कड ताटलीला घट्ट बसते, पाणी आत शिरत नाही आणि प्रयोग ‘फसला’ असं वाटतं. पेल्याच्या बाजूला सेंटीमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी चिकटवा. मागे चिकटवली तर पेल्यातल्या पाण्यातून ती वेडीवाकडी दिसते.

मागे वह्यांना घालतो तो खाकी कागद लावा. काळ्या कागदावर ज्योत झकास दिसते पण निळं पाणी गायब होतं, पांढऱ्यावर काचेची कडच हरवते. खाकीवर दोन्ही निभतं.

फोन पुस्तकांच्या चळतीवर किंवा तिवईवर असा ठेवा, की भिंग पाण्याच्या पातळीपेक्षा दोन बोटंच वर राहील. वरून खाली घेतलं तर पाणी चढलेलं कळतच नाही. या प्रयोगाचे निम्मे व्हिडिओ इथेच वाया जातात. अंतर ४० ते ५० सेंटीमीटर, मुख्य कॅमेरा वापरा, वाइड नको आणि झूमही नको. खिडकी एका बाजूला असू द्या, पण थेट ऊन नको. काचेत फोनचं प्रतिबिंब दिसत असेल तर फोनच्या मागे उघडी काळी छत्री धरा. ज्योतीवर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. लॉक केलं नाही तर ज्योत विझताच फोन चित्र आपोआप उजळवतो आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा भक्कन पांढरा होतो.

ट्यूबलाइटखाली चित्रीकरण करत असाल तर पडद्यावर सरकणारे काळे पट्टे दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोनचा शटर त्याच्याशी जुळत नाही. ‘ओपन कॅमेरा’ या फुकट अ‍ॅपमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवता येतं (सगळे फोन परवानगी देत नाहीत). नाहीतर सरळ दिवा बंद करून खिडकीपाशी या.

पेला ठेवण्याच्या आधीपासून पाणी थांबेपर्यंत एकच सलग शॉट हवा. मध्ये कापलं तर सहावीतलं पोरगं लगेच म्हणतं, ‘मध्ये काहीतरी केलंय.’ आणि ते बरोबरच आहे. शिवाय सलग शॉटमध्येच खरा पुरावा असतो: ज्योत जळत असताना पाणी जवळजवळ हलत नाही, विझल्यावर भरकन चढतं. हेच चार सेकंद पुन्हा अर्ध्या वेगाने दाखवा. पेल्याच्या आत बाष्प जमून काच धूसर होते. ती प्रत्येक टेकआधी कोरड्या फडक्याने पुसा आणि पेला पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम पेल्याने दुसऱ्या टेकमधली उंची वेगळी येते. पेला ज्योतीवर किती वेळ धरून मग खाली नेला यानेही उंची बदलते. दोन्ही दृश्यांत मनात ‘एक-दोन’ म्हणत सारख्याच वेगाने ठेवा, नाहीतर तुलना खोटी ठरते.

संहिता साधारण अशी. डावीकडे वेळ आहे.

०:०० पेटलेली मेणबत्ती, निळं पाणी. आवाज नाही, संगीत नाही.
०:०५ मुलाचा आवाज: ‘यावर पेला पालथा घातला तर?’
०:०९ मुलीचा आवाज: ‘मेणबत्ती विझेल. एवढं तर माहितीये.’
०:१३ मुलगा: ‘आणि पाण्याचं काय होईल?’
०:१६ चित्र थांबतं. कोपऱ्यात २० पासून उलटे आकडे.
०:३६ सलग शॉट, निवेदन नाही.
१:०५ मुलगी: ‘ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी आत आलं. सोप्पंय!’
१:११ मुलगा: ‘मग तीन मेणबत्त्या लावल्या तर? पेला हाच.’
१:१५ चित्र थांबतं. ‘वहीत पाण्याची रेघ काढा.’

०:३६ ते १:०५ या वेळेत गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. निवेदकाला ‘बघा बघा, पाणी कसं वर येतंय’ म्हणायची अनावर हुक्की येते. म्हणू नका. मुलाची नजर पाण्यावर हवी असेल तर पाण्यापाशी एक बाण दोन सेकंद दाखवा, पुरे.

एकूण लांबी चार मिनिटांच्या आत. मराठी निवेदनाला मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांपेक्षा घाई नको, आणि या व्हिडिओत बोलणं मिळून दोनशे शब्दही नसावं. आवाज चित्राबरोबर घेऊ नका, नंतर वेगळा घ्या: पंखा बंद, गोधडी डोक्यावरून, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला की ‘फ’, ‘भ’, ‘ध’ला फटाका फुटतो. उघड्या, रिकाम्या वर्गात रेकॉर्ड केलेला आवाज टीव्हीवर विहिरीतून आल्यासारखा येतो आणि तो नंतर कोणत्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही.

बोलतो तेच वाक्य पडद्यावर पुन्हा लिहू नका. मूल वाचत बसतं आणि चित्र सुटतं. फक्त नवा शब्द लिहा: ‘आकुंचन’, ‘हवेचा दाब’. (ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी सबटायटल्स हवीतच; ते वेगळी फाइल म्हणून द्या, हवे तेव्हा चालू करता येतात.) मराठी अक्षरांची एक खास डोकेदुखी असते. फोनवरच्या काही एडिटिंग अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं तुटतात, ‘वि’ची वेलांटी भलतीकडे जाते, ‘र्‍हास’चा अर्धा र उडतो. अ‍ॅपशी झगडू नका. लॅपटॉपवर लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये शब्द टाइप करा, चित्र म्हणून काढा आणि व्हिडिओवर ठेवा. मुक्त किंवा बलू हे मुंबईच्या एक टाइपने बनवलेले फुकट फॉन्ट मुलांना वाचायला सोपे जातात. वर्गाच्या मागच्या बाकावरून वाचता यायला अक्षराची उंची पडद्याच्या पंधराव्या भागापेक्षा कमी नको. आणि कडेला चिकटून लिहू नका, जुने टीव्ही चारी बाजूंनी थोडं चित्र कापतात.

आता इंटरॅक्टिव्ह. हा शब्द ऐकला की लोक थेट अ‍ॅपच्या मागे लागतात. तुमच्याकडे चाळीस मुलं आणि एक टीव्ही असेल, तर व्हिडिओचे तीन तुकडे करणं हीच सगळ्यात भरवशाची सोय. पहिली फाइल ०:३६ ला संपते, दुसरी १:१५ ला, तिसरी उरलेली. मध्ये मुलं वहीत रेघ काढतात, हात वर करतात, शेजाऱ्याशी भांडतात. फाइल आपोआप पुढे जात नाही, त्यामुळे भांडायला वेळ मिळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या फाइल ओळीने चालव’ बंद आहे ना, ते आधी बघा.

लॅपटॉपवर किंवा पालकांच्या फोनवर द्यायचं असेल तर एचफाइव्हपी (व्हिडिओत मध्येच प्रश्न घालता येणारं साधन) यातला ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’ प्रकार वापरा. लुमी हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं की इंटरनेटशिवाय तो बनवता येतो. ०:१६ ला प्रश्न टाका आणि तीन पर्याय द्या: पाणी तसंच राहील, आत चढेल, बाहेर येईल. खरी गंमत १:१५ नंतरच्या प्रश्नात आहे. ‘पाणी का चढलं?’ याला ‘ऑक्सिजन संपला’ हे उत्तर निवडलं, तर ‘चूक!’ असा लाल फुलीचा कर्कश आवाज वाजवू नका. एचफाइव्हपीत चुकीच्या उत्तरावर व्हिडिओ ठरावीक वेळेवर उडी मारेल अशी सोय असते. त्या मुलाला सरळ गरम पाण्याच्या पेल्याच्या दृश्यावर न्या आणि विचारा, ‘इथे काय जळलं?’ चूक केली की बक्षीस म्हणून एक नवा प्रयोग बघायला मिळतो. मुलं मुद्दाम चुकायला लागली तरी काही बिघडत नाही.

लुमीतून फाइल बाहेर काढताना एचटीएमएलचे दोन पर्याय येतात: सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये, किंवा एचटीएमएल आणि बाजूला व्हिडिओच्या वेगळ्या फाइल. लॅपटॉपसाठी दुसरा बरा, हलका चालतो. फोनवर पाठवायचं असेल तर पहिलाच घ्या. अँड्रॉइडवर एचटीएमएल फाइल उघडली तर ब्राउझरला बहुतेकदा तेवढी एकच फाइल दिसते, शेजारचा व्हिडिओ सापडत नाही आणि मुलाला काळा चौकोन दिसतो. एकाच फाइलमध्ये व्हिडिओ कोंबल्यावर तिचा आकार मूळ व्हिडिओपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून आधी तो ४८०पी (कमी बारकाव्याचा, हलका) करा.

सिम्युलेशन (पडद्यावर हाताळायचा आभासी प्रयोग) जरूर द्या, पण प्रयोगाच्या नंतर. कोलोराडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प (२००२ साली नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी सुरू केलेला) फुकट आहे, त्यातली अनेक सिम्युलेशनं मराठीत आहेत आणि एकेक फाइल उतरवून इंटरनेटशिवाय चालते. त्यातल्या वायूंच्या सिम्युलेशनमध्ये डब्यातले कण गरम-गार करता येतात. पेल्यात न दिसणारी गोष्ट इथे दिसते: गार केलं की कण संथ होतात, भिंतीवरचे धक्के कमी होतात. मात्र सिम्युलेशन म्हणजे पुरावा नव्हे. ते बनवणाऱ्याने जे लिहिलं तेच ते दाखवतं. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात मुलांकडून ‘मेणबत्त्या वाढव, पाणी चढव’ असा खेळ बनवून घेतलात, तर ऑक्सिजनवाली चुकीची समजूतही त्यात तितक्याच सुरेख चालेल. म्हणून स्क्रॅचचा खेळ बनवायला सांगताना अट घाला: पाण्याची उंची त्यांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांवरूनच ठरली पाहिजे.

फाइलींच्या कटकटी भरभर सांगते. फोन बऱ्याचदा एच.२६५ या नव्या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करतो, जुन्या टीव्हीवर त्याचा फक्त आवाज येतो. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने एच.२६४, एमपी फोर करा आणि फ्रेमचा वेग ‘स्थिर’ ठेवा; फोनचा वेग कमीजास्त होत असतो आणि त्याने एडिटिंगमध्ये ओठ-आवाज सुटतात. ४८०पीला सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर चार मिनिटांची फाइल साधारण ३० एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आणखी दाबला जातो आणि निळं पाणी चौकोनी ठोकळ्यांचं होतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइलचं नाव रोमन अक्षरांत, आखूड ठेवा. काही टीव्ही देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दाखवतात आणि तिसरा भाग आधी लागतो.

यूट्यूबवर टाकणार असाल तर व्हिडिओ ‘मुलांसाठी’ अशी खूण करणं बंधनकारक आहे. ती केली की कमेंट बंद होतात, शेवटी येणारे दुव्यांचे चौकोन आणि मध्ये उगवणारी कार्डंही बंद. म्हणजे ‘उत्तर अ वाटलं तर इथे टिचकी मारा’ ही युक्ती तिथे चालत नाही. प्रश्न व्हिडिओतच थांबवून विचारा. मुलांचे चेहरे, गणवेशावरचं शाळेचं नाव टाळा. हात आणि आवाज पुरतात, त्यालाही पालकांची लेखी परवानगी घ्या. सिनेमाचं गाणं मागे लावू नका, हक्काचा दावा येतो. तसंही बोलण्याखाली संगीत नकोच. ज्योत असलेल्या प्रत्येक चित्रात मोठ्या माणसाचा हात दिसू द्या, कारण मुलं घरी जाऊन नेमकं तेच करणार आहेत.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्याच्या अरविंद गुप्तांच्या छोट्या फिल्म बघितल्या नसतील तर आधी त्या बघा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं हे काम केलं. पडद्यावर बहुतेक वेळ फक्त हात आणि वस्तू असतात, कुठेही घुटमळणं नाही. काय गाळायचं हे त्यावरून कळतं.

व्हिडिओ पूर्ण करण्याआधी कच्चा तुकडा पाच मुलांना दाखवा. आधी आवाज बंद करून. काय चाललंय ते आवाजाशिवाय कळलं नाही तर चित्र कमी पडतंय. मग आवाजासकट. दुसऱ्या दिवशी प्रश्न तोंडी विचारू नका, एक कोरा कागद द्या: ‘पेला, मेणबत्ती, पाणी काढा आणि पाणी का चढलं ते बाणांनी दाखवा.’ बाण पेल्याच्या आतून वर ओढणारा असेल तर ‘ओढलं गेलं’ ही समजूत अजून शाबूत आहे. बाण बाहेरच्या पाण्यावर खाली दाबणारा असेल तर मूल पोहोचलं. पाचातल्या तिघांचा बाण आतच असेल तर नवा व्हिडिओ करायची गरज नाही. तीन मेणबत्त्यांच्या आधीचा थांबा २० सेकंदांचा ४० करा, गरम पाण्याच्या दृश्याआधी आणखी एक थांबा घाला आणि दुसऱ्या पाच जणांना दाखवा.